तबकडी आणि बंदिश : 'व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियॉन्ड' या जॅझ-रॉक ध्वनिमुद्रिकेचे रंगमंचीय पुनःसादरीकरण

प्रास्ताविक :

एखाद्या वाद्यवृंदाने स्वतःचे नवे संगीत निर्माण न करता दुसऱ्या, बहुधा विसर्जित झालेल्या वृंदाचे संगीत रंगमंचावर सादर करावे ही प्रथा पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात आता चांगलीच रुळली आहे. अशा वृंदास 'ट्रिब्यूट बँड' म्हटले जाते. आपल्याकडील ऑर्केस्ट्राही गाजलेली चित्रपटगीते सादर करतात, पण त्यांना कोणत्याही संगीतकाराची गाणी चालतात. ट्रिब्यूट बँड मात्र एकाच कलावंताशी किंवा एकाच वृंदाशी बांधलेला असतो. गेल्या काही दशकांत तर एकाच ध्वनिमुद्रिकेतील सर्व रचना मूळ क्रमाने वाजविण्याची पद्धत वाढली आहे. कॅनडातील 'क्लासिक अल्बम्स लाइव्ह' हा उपक्रम २००३पासून नेमके हेच करीत आला आहे. तेथे वादक मूळ कलावंतांसारखी वेशभूषा करीत नाहीत. स्वरन्‌स्वर मात्र तबकडीतलाच असावा असा कटाक्ष असतो.

रॉक संगीताच्या बाबतीत अशा सादरीकरणाचे मूल्यमापन तुलनेने सोपे आहे. श्रोता ओळखीचा स्वर ऐकण्यासाठी येतो. तो मिळाला की प्रयोग सफल झाला असे म्हणता येते. जॅझ-रॉकच्या बाबतीत प्रश्न बिकट होतो, कारण या संगीताचा निम्मा प्राण उपजेत आहे. तबकडीवर जे मुद्रित झाले ते त्या दिवशी, त्या स्टुडिओत, त्या वादकांना सुचले. दुसऱ्या दिवशी वेगळे सुचले असते. मग त्या दिवशी सुचलेले स्वर पाठ करून वाजविणे ही मूळ कलावंताला वाहिलेली आदरांजली मानावी, की त्याच्या वृत्तीशी केलेली प्रतारणा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे केला आहे. ते उदाहरण म्हणजे जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राची १९७५ साली प्रसिद्ध झालेली 'व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियॉन्ड' ही ध्वनिमुद्रिका आणि 'द महाविष्णू प्रोजेक्ट' या अमेरिकन वृंदाने केलेले तिचे समग्र रंगमंचीय सादरीकरण. हे सादरीकरण 'रिटर्न टू द एमरल्ड बियॉन्ड' या नावाने २००७ साली क्यूनिफॉर्म रेकॉर्ड्सने दोन सीडींच्या संचात प्रसिद्ध केले. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग प्रत्यक्ष पाहिलेला नाही. येथील विवेचन ध्वनिमुद्रणावर आधारलेले आहे. तबकडीचे रंगमंचावर झालेले सादरीकरण पुन्हा तबकडीच्याच रूपाने आपल्यापर्यंत पोहोचते, यातील गंमत वाचकांच्या लक्षात येईलच.

मूळ ध्वनिमुद्रिका :

जॉन मॅकलॉफ्लिन यांचा जन्म १९४२ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. १९६९च्या प्रारंभी ते अमेरिकेत आले आणि अल्पावधीतच माइल्स डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे' व 'बिचेस ब्रू' या ध्वनिमुद्रिकांत त्यांची गिटार ऐकू आली. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील एका रचनेला तर डेव्हिस यांनी त्यांचेच नाव दिले. याच सुमारास ते न्यूयॉर्कमध्ये वास्तव्य करणारे आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांचे शिष्य झाले आणि 'महाविष्णू' हे नाव त्यांना गुरूंकडून मिळाले. १९७१ साली स्थापन झालेल्या महाविष्णू ऑर्केस्ट्रामध्ये पाच वादक होते : गिटारवर स्वतः मॅकलॉफ्लिन, ड्रम्सवर पनामात जन्मलेले बिली कोबम, कळफलकावर चेक वादक यान हॅमर, व्हायोलिनवर अमेरिकन जेरी गुडमन आणि बास गिटारवर आयरिश रिक लेअर्ड. या पाच जणांनी 'द इनर माउंटिंग फ्लेम' आणि 'बर्ड्स ऑफ फायर' या दोन ध्वनिमुद्रिका दिल्या आणि १९७३च्या अखेरीस ते विखुरले.

समीक्षकांचे व श्रोत्यांचे प्रेम या पहिल्या संचावर अधिक आहे, आणि ते अकारण नाही. 'बर्ड्स ऑफ फायर' ही शीर्षक रचना १८ मात्रांच्या आवर्तनात चालते, तर 'सेलेस्टियल टेरेस्ट्रियल कम्यूटर्स' १९ मात्रांच्या. 'द डान्स ऑफ माया'मध्ये १० मात्रांची एक संथ, गूढ आकृती आणि २० मात्रांची ब्लूजची चाल आधी स्वतंत्रपणे येतात आणि शेवटी एकमेकींवर आरूढ होतात. पाश्चात्त्य श्रोत्याला हे गणित दिपवणारे वाटले. आपल्या श्रोत्याला मात्रांची संख्या दिपवत नाही. त्या मात्रांमधून वृंद ज्या वेगाने आणि ज्या प्रचंड ध्वनीने जातो त्याने तो स्तिमित होतो. मॅकलॉफ्लिन यांनी पुढे वीणावादनाचे शिक्षण घेतले, एल. शंकर, झाकिर हुसेन व टी. एच. विनायकराम यांच्यासह 'शक्ती' हा वृंद उभारला आणि तालाच्या या ओढीला तिच्या मूळ स्थानी नेले, हे सर्वज्ञात आहे.

'व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियॉन्ड' ही दुसऱ्या संचाची निर्मिती. येथे व्हायोलिनवर फ्रेंच वादक जाँ-लुक पोंटी, ड्रम्सवर नारद मायकेल वॉल्डन, बास गिटारवर राल्फ आर्मस्ट्राँग आणि कळफलक व गायनासाठी गेल मोरान आहेत; शिवाय आणखी दोन व्हायोलिने, चेलो आणि फुंकवाद्ये आहेत. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत डिसेंबर १९७४मध्ये हिचे मुद्रण झाले. सुमारे ४० मिनिटांत १३ रचना असल्याने बहुतेक रचना आखूड आहेत. 'ओपस १' तर पाव मिनिटाच्या आसपास संपते. 'कॉस्मिक स्ट्रट' ही वॉल्डन यांची रचना सरळ फंक संगीताच्या ठेक्यात आहे. तिच्या शेजारी तंतुवाद्यांचे 'पॅस्टोरल' आणि गिटारचे एकांतचिंतन असलेले 'फेथ' आहे. 'लीलाज डान्स' हे शीर्षक वाचून इंग्रजी वाचकाला लीला नावाची नर्तिका दिसत असेल. मराठी वाचकाला तीही दिसते आणि ईश्वराची लीलाही. मायेच्या नृत्यानंतर लीलेचे नृत्य येते, हा क्रम त्याच्या नजरेतून सुटत नाही. ध्वनिमुद्रिका काहीशी विस्कळीत आहे, हा आक्षेप मान्य करावा लागेल. पण तिच्यात जितके रंग आहेत तितके पहिल्या संचाच्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुद्रित काल आणि रंगमंचीय काल :

ट्रिब्यूट बँडच्या चर्चेत ध्वनिमुद्रिकेला 'मूळ संहिता' मानले जाते. हे गृहीतकच तपासून पाहण्याची आवश्यकता आहे. सुदैवाने त्यासाठी महाविष्णू ऑर्केस्ट्राकडून उत्तम पुरावा उपलब्ध आहे. १९७३ साली पहिल्या संचाने लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत काही रचनांचे मुद्रण केले. ते त्या वेळी अप्रकाशित राहिले व १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यातीलच तीन रचना त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील मैफलीत वाजविल्या गेल्या आणि 'बिटवीन नथिंगनेस अँड इटर्निटी' या नावाने प्रसिद्ध झाल्या. 'ड्रीम' ही रचना स्टुडिओत सुमारे ११ मिनिटांची आहे. मैफलीत ती २१ मिनिटांच्या पुढे जाते. तेच वादक, तेच वर्ष, तीच रचना. म्हणजे खुद्द मूळ वृंदाच्या लेखी तबकडी ही रचनेची एक आटोपशीर नोंद होती. रचनेचे पूर्ण रूप रंगमंचावर प्रकट होत असे. लाँग-प्ले तबकडीच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटांहून फार अधिक संगीत नीट बसत नाही, या भौतिक मर्यादेचाही त्यात वाटा होता.

नाट्यपदांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका हा प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल.च्या अभ्यासाचा विषय असल्याने येथे एका समांतर उदाहरणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बालगंधर्वांच्या पदांना रंगमंचावर 'वन्समोअर' मिळत आणि एकेक पद रंगत जाई. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मात्र त्यातील तीन-साडेतीन मिनिटेच मावली. पुढच्या पिढ्यांतील अनेकांनी ती पदे तबकडीवरून उचलली आणि तेवढेच पद म्हणजे संपूर्ण पद असे मानले. तबकडीतील जागा हुबेहूब घेणाऱ्याला आपण 'छान नक्कल केली' म्हणतो, 'छान गायला' असे सहसा म्हणत नाही. हा भेद आपल्या भाषेत आहे आणि ट्रिब्यूट बँडच्या समीक्षेत तो उपयोगी पडेल.

'रिटर्न टू द एमरल्ड बियॉन्ड' :

ड्रमवादक ग्रेग बेंडियन यांनी या शतकाच्या प्रारंभी 'द महाविष्णू प्रोजेक्ट'ची स्थापना केली. आधी पहिल्या संचाच्या पाच वाद्यांचे संगीत आणि नंतर त्याहून अवघड अशी, मोठ्या ताफ्याची मागणी करणारी 'एमरल्ड बियॉन्ड' त्यांनी हाती घेतली. या निवडीतच एक समीक्षकीय भूमिका आहे. लोकप्रियता हा निकष असता तर 'बर्ड्स ऑफ फायर'पाशी थांबता आले असते. तुलनेने उपेक्षित राहिलेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी तंतुवाद्ये, फुंकवाद्ये आणि गायिका जमवून ती पूर्ण वाजविण्यात व्यावहारिक शहाणपण फारसे नाही. निष्ठा मात्र आहे.

ही निष्ठा नेमकी कशाशी आहे? मूळ एका तबकडीत मावलेले संगीत येथे दोन सीडींवर पसरले आहे. याचा अर्थ बेंडियन यांनी 'एमरल्ड बियॉन्ड'ला बंदिश मानले, असा लावता येतो. रचनेतील लिखित भाग, म्हणजे मुखडे, एकत्र वाजवायच्या लकेरी, तालाची आवर्तने आणि वाद्यांची वाटणी हे सर्व कसोशीने जपले आहे. उपजेच्या जागी मात्र प्रत्येक वादकाने स्वतःचे बोलणे अपेक्षित आहे. मॅकलॉफ्लिन यांचे किंवा पोंटी यांचे १९७४चे एकलवादन येथे पाठ म्हणून येत नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे एक समर्थ उत्तर या व्यवस्थेत मिळते : बांधलेले आहे ते बांधीव राहावे, आणि सुचलेले होते त्या जागी पुन्हा सुचावे.

तथापि बंदिशीची उपमा येथे पूर्णपणे लागू होत नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. ख्यालाची बंदिश कोणत्याही कंठातून बंदिशच राहते. जॅझ-रॉकमध्ये विद्युत्-वाद्यांचा पोत, ध्वनिवर्धकातून फाटत येणारा गिटारचा स्वर आणि ड्रम्सचा छातीवर आदळणारा आघात हे रचनेचेच अवयव असतात. व्हिएन्नाच्या 'रेडिओ स्ट्रिंग क्वार्टेट' या तंतुवाद्यांच्या चौकडीनेही २००७ सालीच महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या रचना ड्रम्स व गिटार वगळून सादर केल्या. स्वररचना किती भक्कम आहेत हे त्या सुंदर ध्वनिमुद्रिकेतून सिद्ध होते. पण ऐकताना काहीतरी सतत हरवल्यासारखे वाटत राहते. जे हरवले आहे तो आवाजाचा आकार आहे. बेंडियन यांच्या वृंदाने तो आकार सोडला नाही. म्हणून त्यांच्या प्रयोगात दोन प्रकारच्या निष्ठा एकत्र नांदतात. पोताच्या बाबतीत ते जवळजवळ तबकडीचे अनुयायी आहेत, उपजेच्या बाबतीत ते मैफलीचे.

विस्ताराची किंमतही मोजावी लागली आहे. मूळ ध्वनिमुद्रिकेचे एक सौंदर्य तिच्या तुटकपणात होते. आखूड रचना एकामागून एक झर्रकन येऊन जातात आणि श्रोता सावरेपर्यंत दृश्य पालटते. दोन सीडींच्या विस्तारात ही चपळता मंदावते. 'ड्रीम'सारखी रचना मुळातच लांब श्वासाची होती. 'एमरल्ड बियॉन्ड'मधील कित्येक रचना तशा नाहीत. लघुचित्राला भिंतीएवढे केले तर रेषा तीच राहते, नजर मात्र वेगळ्या अंतरावर उभी राहते. याशिवाय तबकडी उलटण्याचा क्षण आहे. मूळ तबकडीची पहिली बाजू 'फेथ'च्या शांततेत संपते. श्रोता उठतो, बाजू बदलतो आणि 'कॉस्मिक स्ट्रट'चा ठेका सुरू होतो. हा विराम कोणी रचलेला नसला तरी तो ध्वनिमुद्रिकेच्या शिल्पाचा भाग झाला होता. रंगमंचावर त्याची जागा टाळ्यांनी घ्यावी लागते.

यापेक्षा गंभीर प्रश्न श्रद्धेचा आहे. मूळ वृंदाचे नाव, शीर्षके आणि 'इटर्निटीज ब्रेथ'मधील समूहस्वर हे सारे एका साधकाच्या आयुष्यातून आलेले आहे. 'बर्ड्स ऑफ फायर'च्या वेष्टनावर श्री चिन्मय यांची कविता छापलेली होती. मैफलीपूर्वी मॅकलॉफ्लिन श्रोत्यांना काही क्षण मौन पाळण्याची विनंती करीत. पुढे त्यांनी स्वतःच हा गुरुमार्ग सोडला. मग तीस वर्षांनंतर, त्या संप्रदायाशी संबंध नसलेल्या वादकांनी ते समर्पणाचे शब्द गावेत, यात पोकळपणा येत नाही काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. अभंग गाणारा प्रत्येक गायक वारकरी असत नाही, आणि केवळ माळकरी आहे म्हणून कोणाचा अभंग सुरेल होत नाही. गायकाने शब्दाला सुरातून काय दिले एवढेच ऐकणाऱ्याच्या हाती येते. शिवाय या प्रयोगात एक दुवा जिवंत होता. १९७४च्या मुद्रणात सॅक्सोफोन वाजविणारे रसेल टब्ज, जे आता आपल्या नावापुढे 'प्रेमिक' असे लावतात, महाविष्णू प्रोजेक्टच्या या सादरीकरणातही सहभागी होते. मूळ वृंदातील एक वादक अनुयायांच्या वृंदात बसला की 'मूळ' आणि 'आदरांजली' यांच्यातील सीमारेषा पुसट होते. टब्ज स्वतःच्याच तरुणपणीच्या स्वरांना आदरांजली वाहत होते काय? त्यांनी पूर्वीचेच वाजविले असते तर तीही नक्कलच ठरली असती.

नक्कलेचे टोक :

नक्कलेचा विचार टोकाला नेणारे एक उदाहरण येथे विचारात घेतले पाहिजे, जरी ते जॅझ-रॉकचे नसले तरी. 'मोस्टली अदर पीपल डू द किलिंग' या न्यूयॉर्कच्या वृंदाने २०१४ साली माइल्स डेव्हिस यांची १९५९ची 'काइंड ऑफ ब्लू' ही ध्वनिमुद्रिका सर्व उत्स्फूर्त एकलवादनांसह जशीच्या तशी वाजवून 'ब्लू' या नावाने प्रसिद्ध केली. सोबतच्या पुस्तिकेत स्वतःचे विवेचन न देता त्यांनी बोर्हेस यांची पिएर मेनार या काल्पनिक लेखकाविषयीची कथा छापली. हा मेनार 'डॉन किहोते' शब्दशः पुन्हा लिहू पाहतो. हा खोडसाळपणा होता, पण विचारपूर्वक केलेला. तो ऐकताना कान सतत फरक शोधत राहतात आणि संगीत ऐकायचे राहूनच जाते. शंभर टक्के साम्य साधूनही तेथे जी गोष्ट उरत नाही ती म्हणजे पुढचा स्वर कोणता येईल याविषयी वादकाच्या मनातील अनिश्चितता. 'रिटर्न टू द एमरल्ड बियॉन्ड'मध्ये साम्य कमी आहे आणि ही अनिश्चितता शाबूत आहे. जॅझ-रॉकच्या ट्रिब्यूट बँडची कसोटी येथेच लावावी असे वाटते.

स्वतः मॅकलॉफ्लिन यांनी आपल्या जुन्या संगीताकडे कसे पाहिले, हेही या संदर्भात उद्बोधक आहे. १९८४ साली त्यांनी 'महाविष्णू' हे नाव पुन्हा धारण केले, पण त्याखाली नवे संगीत दिले. जुन्या रचनांकडे ते विस्ताराने वळले ते २०१७ साली, अमेरिकेतील निरोपाच्या दौऱ्यात. त्या वेळी त्यांच्या 'फोर्थ डायमेन्शन' वृंदाबरोबर गिटारवादक जिमी हेरिंग यांचा वृंदही रंगमंचावर होता. डिसेंबर २०१७मधील सॅन फ्रान्सिस्कोच्या मैफलीचे मुद्रण पुढील वर्षी प्रसिद्ध झाले, आणि त्यात 'एमरल्ड बियॉन्ड'मधील 'अर्थ शिप', 'इटर्निटीज ब्रेथ' आणि 'बी हॅपी' या रचना आहेत. ७५ वर्षांचे मॅकलॉफ्लिन तेथे १९७४च्या मॅकलॉफ्लिन यांची पुनरावृत्ती करीत नाहीत. ड्रम्सवर होते मुंबईचे रणजित बारोट. कोबम आणि वॉल्डन यांची जागा तबल्या-मृदंगाच्या बोलांवर वाढलेल्या आणि ते बोल तोंडाने म्हणत ड्रम्स वाजविणाऱ्या वादकाकडे आली, तेव्हा या रचनांतील मात्रांना निराळेच वजन प्राप्त झाले. रचनाकाराने स्वतःच ही मुभा दिली असताना अनुयायांनी तबकडीशी अधिक कडवे राहावे, याला आधार उरत नाही.

आता हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय राहिलेला नाही. रिक लेअर्ड २०२१ साली निवर्तले. 'शक्ती'तील मॅकलॉफ्लिन यांचे सहप्रवासी झाकिर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी गेले. या संगीताची निर्मिती करणारे हात कमी होत चालले आहेत आणि ते यापुढे इतरांच्या हातूनच वाजणार आहे. अनेक रचनांचे स्वरलेखन ग्रंथरूपाने उपलब्ध असल्यामुळे बांधीव भाग टिकेल. उपजेच्या जागा मात्र स्वरलेखनात रिकाम्याच असतात; त्या तबकडीतून भरायच्या की स्वतःतून, हे प्रत्येक वृंदाला ठरवावे लागेल.

'एमरल्ड बियॉन्ड'ची शेवटची रचना 'ऑन द वे होम टू अर्थ' ही प्रामुख्याने गिटार आणि ड्रम्स या दोघांचाच संवाद आहे. गिटारचा स्वर यंत्राद्वारे इतका पिळवटलेला आहे की तो ओळखू येऊ नये. खाली वॉल्डन यांचे ड्रम्स अखंड धावतात. तेथे पाठ करण्याजोगा मुखडा जवळपास नाहीच. महाविष्णू प्रोजेक्टचे प्रमुख स्वतः ड्रमवादक आहेत. आधीच्या बारा रचनांत त्यांनी जपलेले सारे बांधकाम या ठिकाणी मागे पडते, आणि समोर गिटार घेऊन उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे कान लावून वाजविण्यावाचून त्यांना गत्यंतर राहत नाही.